पत्र्याच्या कोठीतले बावीस फोन

धर्माजी मोकल आमच्या खारातल्या तीन नंबरच्या उघाडीवर एकतीस वर्षं काम करत आहेत. उघाडी म्हणजे बांधातला पाण्याचा दरवाजा. बांधाच्या बाहेर धरमतरची खाडी, आत भातशेती. ओहोटी लागली की सागवानी फळ्या उचलून शेतातलं पावसाचं पाणी खाडीत सोडायचं आणि भरती यायच्या आत फळ्या पुन्हा खाचेत बसवायच्या. एवढंच काम. पण कुठे बांध फुटून खारं पाणी आत शिरलं, तर त्या शेतात पुढची तीन वर्षं भात पिकत नाही. मुरलेलं मीठ धुऊन जायला तेवढे पावसाळे लागतात.

त्यांची मुलगी प्राप्ती. बारावीला मी तिला चिटणिसाची कार्यपद्धती हा विषय शिकवला. उत्तरपत्रिकेत एकही प्रश्न क्रम सोडून सोडवायची नाही, म्हणून लक्षात राहिली. वाणिज्य शाखेची मुलगी पुढे बँकेच्या परीक्षा देईल असं मला वाटलं होतं. ती बीसीए झाली आणि बेलापूरला एका छोट्या कंपनीत प्रोग्रॅमर म्हणून लागली. आठवड्याचे दोन दिवस ती घरून काम करते, ओटीवर, उघाडीच्या वाटेकडे तोंड करून.

मी खार समितीचा चिटणीस. उधाणाच्या दिवशी सहाही उघाड्यांवरची पाण्याची उंची वहीत लिहिण्याचं काम गेली एकोणीस वर्षं माझ्याकडे आहे. त्यामुळे पुढे जे घडलं, त्याच्या तारखा आणि वेळा माझ्याकडे आहेत.

तीन वर्षांपूर्वी प्राप्तीने समितीपुढे एक कल्पना मांडली. प्रत्येक उघाडीला दोन मोजपट्ट्या लावायच्या, एक खाडीच्या अंगाला, एक शेताच्या अंगाला. त्या दर मिनिटाला पाण्याची उंची सर्व्हरला पाठवतील आणि सर्व्हर तोच आकडा लगेच गावातल्या फोनांवर पाठवील. समितीने मान्य केलं. वर्षभर सगळं ठीक चाललं. मग गेल्या वर्षी श्रावणी अमावास्येच्या भरतीला, भर दुपारी, मोबाईलचा टॉवर बंद पडला.

फोनवर आकडा दिसत होता. तीन पूर्णांक एक मीटर, हिरव्या रंगात. धर्माजींनी तो पाहिला आणि जेवायला बसले. एरवी ते भरतीच्या वेळी बांधावर एक फेरी मारायचेच, पण पाणी अजून उतरलेलं आहे असं पोरीचं ॲप सांगत होतं. प्रत्यक्षात तो आकडा चाळीस मिनिटं जुना होता. ते हात धुवायला उठले तेव्हा बांधाला खांड पडली होती. चाळीस एकर भात खाऱ्या पाण्याखाली गेलं. त्यातलं अकरा एकर परेश ठाकूरचं.

त्या दिवसापासून परेशने ते ॲप फोनमधून काढून टाकलं. नाक्यावर प्राप्ती दिसली की तो मुद्दाम मोठ्याने विचारायचा, "काय गो, आज पानी किती? कालचंच ना?"

धर्माजींनी स्वतःचा फोन फडताळात ठेवून दिला.

यंदा चैत्रातल्या सभेत परेशने ठराव मांडला. या पावसाळ्यात ती यंत्रं एकदा जरी चुकली तरी सगळ्या मोजपट्ट्या काढायच्या आणि तीन नंबरची उघाडी धर्माजींकडून काढून दुसऱ्या कोणाला द्यायची. हात वर झाले. ठराव मी माझ्या हाताने इतिवृत्तात लिहिला. प्राप्ती मागे उभी होती.

सभा संपल्यावर ती माझ्याजवळ आली. "सर, चूक माझी होती. उघाडी बाबांची जाणार."

"चूक नक्की कुठे होती, ते कळलंय का?"

"कळलंय. मी दुसऱ्याची लायब्ररी वापरली."

मग तिने मला समजावलं. सर्व्हरकडून वाहत येणारे आकडे फोनमध्ये घेणारा जो भाग असतो, त्याला क्लायंट लायब्ररी म्हणतात. पडद्यावर काय दाखवायचं हे ॲप ठरवतं, पण सर्व्हरशी लाईन जोडणं, जोडलेली आहे की नाही बघणं आणि तुटली तर पुन्हा जोडणं हे काम लायब्ररीचं. तिने घेतलेली तयार लायब्ररी चांगल्या नेटवर्कसाठी बनवलेली होती. टॉवर गेला तेव्हा लाईन तुटली असं लायब्ररीला कोणी कळवलं नाही, म्हणून लाईन चालूच आहे असं धरून ती शेवटचा आकडा दाखवत राहिली.

"आता मी स्वतः लिहिणार," प्राप्ती म्हणाली. "आपल्या नेटवर्कसाठी."

चैत्र ते आषाढ, कंपनीचं काम संपल्यावर ती रोज संध्याकाळी तेवढं एकच काम करत असे. पहिली गोष्ट तिने केली ती साधी होती. सर्व्हर दर पंधरा सेकंदांनी फोनला नुसती खूण करणार. दोन खुणा चुकल्या की फोनवरचा आकडा करडा होणार आणि खाली लिहून येणार, 'ही माहिती जुनी आहे', वेळेसकट. दुसरी गोष्ट सांगताना तिने मलाच प्रश्न विचारला.

"सर, तुम्ही रजेवरून परत आलात की वर्गात पहिलं काय विचारता?"

"मागच्या तासाला कुठपर्यंत झालं?"

"फोनही सर्व्हरला तेच विचारणार. प्रत्येक नोंदीला क्रमांक. लाईन आली की फोन म्हणणार, माझ्याकडे चारशे बारापर्यंत आहे, पुढचं सगळं दे. मधलं काही गळायचं नाही, दोनदा यायचं नाही. मोजपट्ट्याही टॉवर नसताना नोंदी स्वतःकडे ठेवणार आणि लाईन आली की त्याच क्रमाने सर्व्हरला देणार."

हे मला पटलं. पण कागदावर पटणं वेगळं आणि टॉवर पडल्यावर चालणं वेगळं. टॉवर पाडायचा कसा? प्राप्तीने त्यालाही उपाय काढला. त्यांच्या घरात भात ठेवायची पत्र्याची कोठी आहे, पुरुषभर उंचीची. झाकण घट्ट लावलं की आतल्या फोनला रेंज मिळत नाही, हे तिने स्वतःच्या फोनवर करून पाहिलं होतं. आता तिला गावातले फोन हवे होते. तिने आळीतल्या बायकांकडून बावीस फोन गोळा केले, सगळ्यांत नवी लायब्ररी घातली आणि ज्येष्ठातल्या एका रविवारी सकाळी ते दोरीला बांधलेल्या टोपलीतून कोठीत सोडले.

शेजारच्या तुळशीकाकी कोठीला हात लावून उभ्या. "अगो, माझ्या सुनेचा फोन आला तं?"

"काकी, दहा मिनिटं फक्त."

"दहा मिन्टात ती माहेरी जायाची!"

"मंग तुमचं काम सोप्पं झालं," धर्माजी ओटीवरून म्हणाले, आणि बायका हसल्या. ते सुपारी कातरत बसले होते, या सगळ्याशी आपला संबंध नाही अशा चेहऱ्याने.

दहा मिनिटांनी झाकण उघडलं आणि टोपली वर ओढली. बावीस फोनांना एकाच क्षणी रेंज आली. बावीसही फोन एकदम सर्व्हरकडे धावले आणि प्रत्येकाने मागचं सगळं मागितलं. सर्व्हर छोटा, एका लहान संगणकाएवढ्या ताकदीचा. तो गुदमरला आणि बंद पडला. तो पुन्हा सुरू झाला की फोन पुन्हा एकदम धावायचे, तो पुन्हा बंद. चार वेळा तेच. सगळे फोन करडे.

प्राप्ती पायरीवर बसली. "बावीस फोनांना ही गत. गावात दोनशे आहेत."

तुळशीकाकींनीही आपला फोन मागितला नाही. धर्माजींनी अडकित्ता बाजूला ठेवला आणि पहिल्यांदाच विचारलं, "काय झाला?"

"सगळे एकदम जोडायला गेले, बाबा. सर्व्हरला झेपलं नाही."

"मंग दुसरा काय व्हनार? ओहोटीला सगल्या फल्या मी कवा एकदम उचलतो काय? पान्याचा लोट येतो न् बूड उखरून नेतो. एक उचलायची. जरा थांबायचा. मंग दुसरी."

प्राप्ती आत गेली, लॅपटॉप घेऊन आली आणि तिथेच पायरीवर बसून लिहायला लागली. जेवायला हाका मारल्या तरी उठली नाही.

तिने केलं ते असं. लाईन तुटल्यानंतर पुन्हा जोडण्याआधी प्रत्येक फोन थोडा थांबणार. किती थांबायचं ते तो फोन स्वतः चिठ्ठी उचलल्यासारखं ठरवणार, कोणी चार सेकंद, कोणी सव्वीस, कोणी एक्केचाळीस. आणि पहिल्या प्रयत्नात जमलं नाही, तर पुढच्या वेळी आणखी जास्त थांबणार. संध्याकाळी फोन पुन्हा कोठीत गेले. झाकण उघडल्यावर लाईन आल्याची खूण म्हणून एक फोन वाजला, मग दुसरा, मग जरा थांबून तिसरा. मिनिटभरात बावीसही हिरवे. सर्व्हर जागचा हलला नाही.

"आता मना दे माझा," तुळशीकाकी म्हणाल्या. "सून गेली का र्‍हायली बघतंय."

त्या रात्री फडताळातला फोन धर्माजींच्या खिशात परत गेला, हे मला दुसऱ्या दिवशी प्राप्तीने सांगितलं. तिला त्याचंच जास्त अप्रूप होतं.

खरी परीक्षा श्रावणातल्या अमावास्येला आली. भरती दुपारी बारा पंचवीसची, चार पूर्णांक आठ. मी साडेअकराला वही घेऊन तीन नंबरच्या उघाडीवर पोचलो. धर्माजी, प्राप्ती आणि गावातले तीसेक जण तिथेच होते. मातीने भरलेल्या गोण्या टेम्पोत तयार. सगळ्यांची नजर त्याच जागेवर, जिथे मागच्या वर्षी खांड पडली होती. परेशही आला होता. हात मागे बांधून उभा.

अकरा सत्तेचाळीसला टॉवर गेला.

अर्ध्या मिनिटात माझा फोन करडा झाला. 'ही माहिती जुनी आहे. शेवटची नोंद ११:४७.' इकडेतिकडे सगळे आपापल्या फोनकडे बघत होते आणि सगळ्यांचे फोन करडे होते.

परेश म्हणाला, "झाला. परत तेच."

"तेच नाही," प्राप्ती म्हणाली. "गेल्या वर्षी फोन खोटं बोलला. आज तो सांगतोय, मला माहीत नाही. आता डोळ्यांनी बघायचं."

धर्माजींनी वाट बघितली नाही. दोन-दोन माणसं दोन्ही बाजूंना बांधावर पाठवली. पाऊस नव्हता. खाडी कडेपर्यंत फुगली होती. बांध दोन किलोमीटरचा. माणसं चालत किती पोचणार?

बारा नऊला टॉवर आला. तो आल्याचं कळलं ते तुळशीकाकींचा फोन वाजला तेव्हा. मग मागे कोणाचा तरी. मग माझा. बांधावर इकडून तिकडे एकेक फोन वाजत गेला, एकमेकांना जागा देत. धर्माजी मान तिरकी करून ऐकत होते. "बराबर," एवढंच म्हणाले.

आणि मग गेलेली बावीस मिनिटं आली, ओळीने, क्रमांकासकट. प्राप्ती ती पडद्यावर सरकवत होती. बाकी पाच उघाड्यांचं आतलं पाणी जागच्या जागी. पाच नंबरचं मात्र अकरा त्रेपन्नपासून मिनिटाला बोटभर चढत होतं. पाऊस नाही, फळ्या बंद, तरी चढतंय.

"बाबा, पाच नंबर. आत पाणी येतंय. सोळा मिनिटं झाली."

नुसता आत्ताचा आकडा आला असता तर पाणी जरा जास्त आहे एवढंच कळलं असतं. मधली ओळ होती म्हणून ते चढतंय हे दिसलं. पाच नंबर अर्धा किलोमीटर लांब. धर्माजी ओरडले, "टेंपो घ्या रे पाचावर!" आणि स्वतः बांधावरून पळत सुटले. त्यांचं वय अठ्ठावन्न. त्यांच्या पुढे पळणारा एकच माणूस होता, परेश.

पाच नंबरच्या उघाडीशेजारी खेकड्यांनी पोखरलेल्या बिळातून मनगटाएवढी धार आत येत होती, आणि वरची माती ढासळायला लागली होती. पेंढा कोंबला, चिखल थापला, गोण्या रचल्या. परेश कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून गोण्या घेत होता. भरतीचा सगळ्यात वरचा बिंदू गेला तेव्हा बांध उभा होता. एक वाजता खाडीचा पहिला आकडा खाली आला आणि लोकांनी अशी आरोळी ठोकली की पलीकडच्या खाजणातले बगळे उडाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एक काम केलं, ते मला करायलाच हवं होतं. आदल्या दिवसाच्या पाच नंबरच्या नोंदी फोनवर पहिल्यापासून शेवटपर्यंत मोजल्या. दिवसाची मिनिटं चौदाशे चाळीस. नोंदी चौदाशे चाळीस. एक गळलेली नाही, एक दुबार नाही. इतिवृत्तात तसं लिहिलं आणि चैत्रातला ठराव रद्द झाल्याची नोंद पुढच्या सभेत सर्वानुमते केली. सूचक परेश ठाकूर.

प्राप्तीने ती लायब्ररी सगळ्यांसाठी खुली ठेवली आहे. मांडव्याच्या जेट्टीवर वाऱ्याचा वेग दाखवणाऱ्या फळ्यावर आता तीच चालते. थळच्या मच्छीमारांच्या एका गटानेही ती घेतली आहे. लायब्ररीच्या पहिल्या पानावर, मदत करणाऱ्यांच्या यादीत, वरून पहिलं नाव धर्माजी मोकल असं आहे. त्यांना ते वाचून दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "मी काय केला? फल्या सांगितल्या."

भाद्रपदाच्या उधाणाआधी प्राप्तीने लायब्ररीत थोडी सुधारणा केली आणि पुन्हा कोठी रिकामी करून घेतली. त्या रविवारी मी गेलो तेव्हा ओटीवर रांग होती. सगळ्यात पुढे परेश, हातात स्वतःचा फोन. त्याने तो टोपलीत ठेवला, मग धर्माजींकडे बघून म्हणाला, "तात्या, झाकन मी लावू?"

"लाव," धर्माजी म्हणाले. "पन उघरताना घाई करू नको."