चार ग्लास रस

बाळांनो, तुमच्या आजीने आयुष्यात एकदाच सही करायला नकार दिला. त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही.

नव्वदच्या दशकात मी विश्रामबागेतल्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत होते. प्रथम वर्षाच्या परीक्षेत उपभोक्त्याच्या संतोषाधिक्याचे उदाहरण आले. एखाद्या वस्तूसाठी आपण जेवढे द्यायला तयार असतो आणि प्रत्यक्षात जेवढे देतो, त्यांतला फरक म्हणजे संतोषाधिक्य. मागणीपत्रक उसाच्या रसाचे होते. भाव पाच रुपये असला तर एक ग्लास, चार असला तर दोन, तीनला तीन, दोनला चार. बाजारभाव दोन रुपये.

म्हणजे पहिल्या ग्लासाला पाच द्यायची तयारी, दुसऱ्याला चार, तिसऱ्याला तीन, चौथ्याला दोन. झाले चौदा. दिले आठ. उत्तर सहा.

शिराळ्याकडच्या एका मुलीने हेच लिहिले होते. मी पाचपैकी पाच दिले, विभागप्रमुखांनी खोडून शून्य केले. त्यांनी स्वतः लिहिलेल्या गाईडात उत्तर बावीस होते. प्रत्येक भावाला समोरच्या ग्लासांनी गुणून बेरीज तीस, वजा आठ. वर्गाने तेच पाठ केले होते. हिच्याकडे गाईडच नव्हते. पास व्हायला तिला चार गुण कमी पडले. वडील फौजेतून निवृत्त झालेले. नापास झालीस तर कॉलेज बंद, असा त्यांचा हुकूम होता.

मी तिला स्टाफरूममध्ये घेऊन गेले. गाईड चूक आणि तू बरोबर का, असे विभागप्रमुख सरांनी हसत विचारले. ती खाली बघतच बोलली.

"सर, मी चारच गिलास प्याले. तुमी एक, दोन, तीन, चार करून धा मोजलं. वरचं सहा कोण प्यालं?"

चहा पिणाऱ्या एका प्राध्यापकांना ठसका लागला. सरांचा चेहरा मात्र हलला नाही. तुम्ही इंग्रजी शाळेतल्या, आमच्या मुलांना काय लागते ते तुम्हाला काय कळणार, असे मला म्हणत त्यांनी निकालपत्रक पुढे सरकवले. परीक्षक म्हणून माझी सही झाल्याशिवाय निकाल लागत नसे.

"सहा बरोबर धरा, मग सही," मी म्हणाले.

तीन दिवस निकालाचा फलक कोरा राहिला. प्राचार्यांनी बोलावून मला नोकरीची आठवण करून दिली. मी त्यांच्याच कागदावर चार ग्लास काढले आणि मोजा म्हटले. चौथ्या दिवशी मुलीचे पाच गुण परत आले. माझे सोयीचे सकाळचे तास मात्र काढून घेतले.

गाईडाच्या पुढच्या आवृत्तीतही सरांनी बावीसच छापले. मग निवृत्त होईपर्यंत दर वर्षी, हे उदाहरण आले की मी वर्गाला आधी लाल पेन काढायला लावायचे. बावीस खोडा, शेजारी सहा लिहा. दार उघडे ठेवून, विभागप्रमुखांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात.