बिनलायसनचं सोनं

ऐन दसऱ्याच्या दिवशी, परमुलखात, सोन्याच्या प्रकरणात मला शिपायांनी धरलं.

मी बडनेऱ्याचा रिटायर्ड टीसी. सगळी नोकरी लोकांना धरण्यात गेली. डब्यात शिरल्या शिरल्या बिनतिकिटवाला मला चेहऱ्यावरून कळायचा. खरा चोर टीसीनं विचारायच्या आतच बोलायला लागतो, असं मी नव्या पोरांना शिकवायचो. (हे शास्त्र पुढे माझं मलाच भोवलं.)

आमची लेक स्नेहल ऑस्ट्रेलियात नोकरीला. तिकडे गेल्यापासून पोरीचा एकही दसरा सोनं वाटून झाला नव्हता, याचं मला फार वाईट वाटायचं. म्हणून तिच्याकडे जायचं ठरल्यावर मी आपट्याची पानं तोडली, वर्तमानपत्रात पुडी बांधली आणि जाकिटाच्या आतल्या खिशात घातली.

"अवो, तिकडं झाडपाला नेऊ देत नाई," आमची कुसुम म्हणाली. "पोरीनं फोनवर सतरांदा सांगतलं."

"झाडपाला कुठी आहे? सोनं आहे ते."

विमान उतरायच्या आधी समोरच्या पडद्यावर दाखवलं की बियाणं, पानं, माती लपवून आणाल तर जबर दंड होईल. दंड गेला खड्ड्यात, पण पोरीचा व्हिसा? बाप तस्कर निघाला म्हणून तिला कामावरून काढलं तर? विमानतळावर जाकीट कुसुमच्या हातात देऊन मी जो संडासात शिरलो, तो तिनं दार ठोठावल्यावरच बाहेर आलो. पुढे एक कुत्रं आलं. त्यानं जाकीट हुंगलं, माझ्याकडे तुच्छतेनं पाहिलं आणि निघून गेलं. मी मनातल्या मनात अंबादेवीला नारळ बोललो.

तेव्हापासून पुडी छातीशी. घरात ठेवावी तर पोरीच्या घरावर धाड पडेल, कचऱ्यात टाकावी तर कचरेवाला सांगेल. उघडून पाहायचीही हिंमत होईना. रात्री बाहेर गाडी थांबली की मी आधी खिसा चाचपायचो.

दसऱ्याला स्नेहल म्हणाली, "बाबा, सोनं लुटाचं ना? मंग चला, सोन्याच्याच गावाले जाऊ."

पूर्वी तिथं सोनं सापडलं आणि जगभरातून माणसं धावत आली. ते गाव अजून तसंच्या तसं राखलं आहे. लाकडी दुकानं, घोडागाड्या, लोहाराची भट्टी, जुन्या काळच्या घेरदार झग्यांतल्या बाया. ओढ्याकाठी पाहुण्यांना एकेक पसरट घमेलं देतात, वाळू घोळून सोनं शोधायला. कुसुमनं पदर खोचला आणि सरळ बैठक मारली.

"हे तं तांदूळ धुतल्यासारखंच आहे," ती म्हणाली. "आन तुमी एवढ्या थंडीत घाम काहून गाळून राहिले?"

स्नेहल कॉफी आणायला गेली आणि नेमके तेव्हाच लाल कोट घातलेले दोन बंदूकवाले शिपाई ओरडत आले. त्यांच्या इंग्रजीतले मला तीनच शब्द कळले. गोल्ड, लायसन आणि जेल.

ओढ्याकाठच्या एकेकाला ते विचारत निघाले. माझ्या अलीकडे अजून चार माणसं होती. पण माझ्या पायांना दम निघेना. मी रांग सोडून स्वतःच पुढे झालो.

"सर," मी म्हणालो, "माय डॉटर इज इनोसंट."

शिपाई बुचकळ्यात पडला. मी दोन्ही हातांनी पुडी पुढे केली. "ओन्ली लीफ गोल्ड, सर. फेस्टिव्हल गोल्ड. फाइन मी, नॉट डॉटर."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. (माझ्या अटकेवर!) शिपायानं पुडी सोडली. आत विमानात मिळालेले कागदी रुमाल होते, नीट घड्या घातलेले. त्यानं रुमालांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि त्यातलाच एक मला घाम पुसायला दिला.

"कुसुम, सोनं कुठी गेलं?"

"तुमी संडासात होते तवाच टाकलं. विमानतळावर फोटू लावून पेटी ठेवली होती ना, असं सामान इथं टाका म्हून. पुडी रिकामी लागू नये म्हून रुमाल भरले."

"अवं, मंग मले सांगाचं काहून नाई?"

"सांगतलं असतं तं तुमी पेटीत हात घालून परत काढलं असतं," ती घमेलं हलवत म्हणाली. (काढलंच असतं.)

तेवढ्यात स्नेहल कॉफी घेऊन आली. "बाबा, हे नाटकातले शिपाई आहेत. जुन्या काळी सोनं खनाले लायसन लागे, त्याची नक्कल करतात." मग सगळी हकिकत ऐकून ती पोट धरून हसली, आणि हसता हसता वाकून माझ्या पाया पडली. "द्या ना बाबा माझं सोनं."

मी एक कोरा रुमाल तिच्या हातावर ठेवला आणि म्हणालो, "सोन्यासारखी राहा, माय."

नोकरीत बिनतिकिटवाले मी पोत्यानं धरले. पण खिशात काही नसताना, कोणी विचारलेलं नसताना, रांग मोडून दंड भरायला निघालेला प्रवासी आयुष्यात एकच पाहिला. आणि तोही ज्याच्या हाती लागला, तो शिपाई नाटकातला निघाला.