किड्यांनी बांधलेलं बेट

भाऊ लढाईवर गेला तेव्हा मी दर्यापूरच्या मुलींच्या शाळेत होते. वडील कधीच गेलेले. घरात माय आणि मी, दोघीच. माय बाजारात भाजी विकायची. तिला अक्षराची ओळख नव्हती, म्हणून भावाची पत्रं मी वाचायची. वाचता येतं याचा मला भारी तोरा होता.

एका पत्रात त्यानं लिहिलं, 'एका बेटावर आहो. नाव लिहायची मनाई आहे. नदी नाही, डोंगर नाही, काळी माती तर औषधालाही नाही. पांढरी रेती, नारळ आणि मासे खाणारी थोडी माणसं. या टोकावरून त्या टोकाला चालायला अर्धा घंटा पुरतो. मजेत आहो.'

मी पत्र भूगोलाच्या बाईंना दाखवलं. त्यांनी नकाशात हिंदुस्थानच्या खाली बोट ठेवलं. नुसती टिंबं होती. "मालदीवकडं कुठंतरी असेल," त्या म्हणाल्या. अशी शेकडो बेटं, बहुतेकांवर वस्तीच नाही. समुद्रातले बारीक किडे मरतात, त्यांचं पोवळं साचतं, तीच जमीन. उंची पाण्यापासून जेमतेम पुरुषभर.

मी मेली शहाणी. घरी येऊन सगळं घडाघडा सांगून टाकलं. माय वांगी निवडत होती, तिचा हात थांबला.

"किड्यायनं बांधलं म्हन्तं? अवं, कीड कुठं बांधते का? कीड खाते."

कापसाच्या मुलखातली बाई ती. तिला कीड लागलेलं बोंड दिसलं असणार, वरून धड आणि आतून पोकळ.

"आन् पुरुषभर उंच? पूर्णेले पूर आला तं झाडं बुडतेत. थो तं समुद्र हाय!"

मी हसायला गेले, पण हसू आलं नाही. त्या दिवसापासून आभाळ भरलं की माय दारात जाऊन उभी राहायची. ताटातली भाकर ती अर्धीच खायची. शाळेत नकाशा टांगला की मी मान खाली घालायची. वाटायचं, वर पाहीन आणि एक टिंब कमी असेल.

शेवटी एक दिवस ती म्हणाली, "लिही त्याले. माय मरून राहिली, लवकर ये."

"खोटं कसं लिहू?"

"बह्याड पोरगी! माय चांगली हाय म्हनून लिवशीन तं सरकार सोडन का त्याले?"

मी लिहिलं. 'शेवटचं तोंड पाहायचं असेल तर ये' ही ओळ मात्र मायची नव्हती, माझी होती. मला ती फार छान वाटली होती.

रजा मिळाली, निघतो, असं त्याचं पत्र आलं. माय त्या दिवशी पोटभर जेवली.

मग एक इंग्रजी कागद आला. मी तो घेऊन बाईंकडं पळत गेले. त्यांनी वाचला आणि मला जवळ बसवलं. रजेवर येणाऱ्या शिपायांचं जहाज शत्रूनं बुडवलं होतं.

"आणि बेट?" मी विचारलं.

"बेटाला काय होतंय, बाळ?"

घरापर्यंत कशी आले, आठवत नाही. माय दारातच होती. माझं तोंड पाहून तिला समजलं. ती रडली नाही, खाली बसली फक्त.

"बुडालं ना थे बेट?"

"हो माय," मी म्हटलं. "बुडालं."