डबल बेल, बोंबील आणि सुलभावहिनींचा फ्रायर

फ्रायरच्या तळाशी जळका चुरा साठतो ना, तसे हे किस्से साठतात. वेळच्या वेळी गाळले नाहीत तर पुढच्या घाण्याला वास लागतो. म्हणून आज गाळूनच टाकते.

आधीच सांगते, मी काही चौकस बाई नाही. पण महाडात आमच्या दोन घरांच्या स्वयंपाकघरांत, हात लांब केला तर वाटी देता येईल एवढंच अंतर. आता मी काय कान कपाटात ठेवून फोडणी घालू?

तर या शेजारच्या सुलभावहिनी. माहेर पोलादपूरचं, त्यामुळे बोलायला शिकवावं लागलं नाही. नवरा म्हणजे भाऊ, एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर, मूळ उमरठचे. यांच्याकडे गौरीला कोंबडी-वड्यांचा नैवेद्य असतो. सासूबाईंनी जाताना गौर धाकट्या सुनेच्या, म्हणजे वहिनींच्या पदरात घातली. डोंबिवलीच्या थोरल्या जाऊबाईंना, प्रमिलाताईंना, ते अजून पचलेलं नाही.

मागच्या गौरीला वडे तळताना तेल उडालं आणि वहिनींचा हात भाजला. तेव्हापासून उघड्या कढईपुढे उभ्या राहिल्या की त्यांचा हात थरथरतो. झालं! ताईंना लगेच मायेचा उमाळा आला.

"सुलभा, तुझ्याच्याने आता व्हायचं नाही. पुढच्या वर्षी गौर मी डोंबिवलीला नेते. वडे काय, मी एका हाताने तळीन!"

वहिनी आठ दिवस धड जेवल्या नाहीत. ही बातमी पुण्याला त्यांच्या लेकाला कोणीतरी कळवली (कोणी ते विचारू नका) आणि त्याने तेलात तळायचा झाकणवाला इलेक्ट्रिक फ्रायर पाठवून दिला. गौर महाडात राहणार की डोंबिवलीला जाणार, ते आता त्या डब्यावर ठरणार होतं.

* * *

खोका उघडल्यावर भाऊंचा पहिला प्रश्न, "पुराचं पानी आलं तर उचलून माळ्यावर जाईल ना हा?" आमच्या गावात मशीनची परीक्षा इथूनच सुरू होते.

मग रीतसर पूजा. हळद, कुंकू, अक्षता, वर जास्वंदीचं फूल. आरतीच तेवढी राहिली! दुसऱ्या दिवशी बटण दाबलं तर मशीन ढिम्म. प्लग बदलला, बोर्ड बदलला, भाऊंनी एक चापटही मारून पाहिली. शेवटी वरच्या मजल्यावरच्या कांबळेसरांना बोलावलं. सर शाळेत विज्ञान शिकवतात, त्यामुळे आमच्या अख्ख्या बिल्डिंगचे इस्त्री-मिक्सर त्यांच्याच नशिबी.

सरांनी बटणांचा भाग वर ओढून काढला. हा भाग खाचेत पूर्ण बसल्याशिवाय मशीन चालू होत नाही म्हणे. सरांनी खाचेत टाचणी घातली आणि तांदळाचे तीन दाणे बाहेर काढले. हळद लावलेले.

"वहिनी," सर म्हणाले, "देव प्रसन्न झालाय. पण वाटेत अडकलाय!"

* * *

मशीन चालू झालं, तर तेल घालायला भाऊ पुढे. त्यांनी मोजून चार पळ्या घातल्या.

सर म्हणाले, "भाऊ, आत रेघ आहे. निदान तिथपर्यंत तेल पाहिजे."

"तिथपर्यंत? अहो, वडे तळायचेत की म्हैस पोहायला सोडायचीय?"

पाच मिनिटांत मशीन तापून गपकन बंद पडलं. सरांनी मशीनबरोबर आलेलं पुस्तक वाचलं. तेल कमी पडलं की ते जळू नये म्हणून मशीन स्वतःच बंद होतं. म्हणजे घरात एक तरी शहाणं आलं! गार झाल्यावर तेल पुरेसं घालायचं आणि मागचं बारीक लाल बटण काडीने एकदा दाबायचं, असं सरांनी समजावलं.

भाऊंनी दोनदा दाबलं.

"एकदाच, भाऊ!"

"सर, मी तीस वर्सं गाडीवर काढली हायेत. एक बेल म्हंजे थांब. दोन बेल म्हंजे चल."

मशीन चालू झालं! सरांचं सगळं विज्ञान त्या दिवशी पाण्यात गेलं. भाऊ अजून दोनदाच दाबतात.

* * *

मग वहिनींनी सुके बोंबील तळले. रविवारी. तेल तसंच ठेवलं, कारण "एवढं तेल काय ओतून देऊ?" सोमवारी भाऊंचा उपास. त्याच तेलात साबुदाणा वडा. भाऊंनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. आम्हाला वाटलं, भक्ती.

"अगो, ह्या वड्याला मासळीबाजाराचा वास येतोय गो!"

उपास मोडला की नाही, यावर घरात मोठी चर्चा झाली. निकाल शेवटी कांबळेसरांकडे गेला.

"भाऊ, तुम्ही कुठे बोंबील खाल्लात? बोंबील तेलाने खाल्ला. उपास तेलाचा मोडला!"

भाऊंचं समाधान झालं. त्यांनी उरलेले चारही वडे संपवले.

* * *

वास घालवायचा म्हणून वहिनींनी फ्रायर धुवायला काढला. भांडं धुवावं, ठीक. पण बाईंनी बटणांचा भाग, वायरसकट, बादलीत बुडवला! राख आणि काथ्याने असा घासला की त्यावरचे आकडेसुद्धा पुसले गेले. आता किती डिग्री ते देवाला ठाऊक.

मी खिडकीतून ओरडले, "अहो वहिनी, तो भाग पाण्यात घालायचा नसतो! ओल्या फडक्याने नुसता पुसायचा!"

"मग आधी नाय सांगायचं? एरवी तर न विचारता सांगतेस!"

गौरीला उरले होते पाच दिवस आणि बाहेर पाऊस. वहिनींचा चेहरा एवढासा झाला. "शैला, हा गेला तर गौर गेली गं," म्हणाल्या, आणि मी खिडकीतूनच वर कांबळेसरांना हाक मारली.

भाऊंना आठवलं की मोबाईल भिजला की तांदळात ठेवतात. सरांनी कपाळाला हात लावला, पंख्याखाली ठेवा म्हणाले. पण ऐकतो कोण? बटणांचा भाग तीन दिवस तांदळाच्या पिंपात पुरला. वहिनी रोज झाकण उघडून बघायच्या, कोंब फुटला की काय!

चौथ्या दिवशी सरांनी तो तपासला, कोरडा पुसला, बसवला. चालू! सर म्हणाले, तीन दिवस मिळाले म्हणून वाळला. भाऊ म्हणाले, इंद्रायणी तांदूळ, उगाच नाय.

* * *

आणि गौरीचा दिवस उजाडला. प्रमिलाताई डोंबिवलीहून हजर. आल्या आल्या फ्रायरकडे बघून, "अगंबाई, हे खेळणं कुणाचं?"

वहिनींनी हसून ताईंना पाट दिला. त्या हसल्या, तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

पीठ मळलेलं, कोंबडी शिजलेली, तेल तापत ठेवायचं, आणि घरातली लाईट गेली! फ्रायर गार. वहिनी हळूच म्हणाल्या, "आता कढईच काढावी लागणार. पण माझा हात तर असा. ताई, तुम्ही एका हाताने तळता ना?"

आता नाही कशा म्हणणार? ताईंनी पदर खोचला. त्यांनी थापलेला पहिला वडा तेलात गेला आणि पापड झाला. दुसरा फुटला. तिसरा फुगला, पण एकाच बाजूने, गाल सुजल्यासारखा. अकराव्या वड्याला ताईंचा घाम पिठात पडायला लागला.

"लाईट कधी येते इकडे?"

"काय सांगावं, ताई. महाड हाय," भाऊ दारातून म्हणाले आणि चप्पल घालून खाली मीटरच्या पेटीकडे गेले.

थोड्या वेळाने लाईट आली. वहिनींनी फ्रायर लावला, वडे थापले, एकेक आत सोडला. टम्म! सगळे टम्म! नैवेद्य वेळेवर झाला. ताई पंख्याखाली बसून म्हणाल्या, "सुलभा, गौर इथेच असू दे गं. तिला इथली सवय आहे."

मी तोवर प्रसादाला तिथे पोचले होते. म्हटलं, "वहिनी, पण लाईट कधी गेली? माझ्याकडे तर मघापासून मिक्सर..."

वहिनींनी गरमागरम वडा माझ्या तोंडात कोंबला.

"खा गो आधी. तोंडात घास असताना बोलू नये, ठसका लागतो!"