मेव्हण्यांचं चमकणारं पाणी

माझ्या मेव्हण्यांइतका उजेडावर डूख धरलेला माणूस साऱ्या म्हैसुरात दुसरा झाला नसेल. विद्यापीठात संशोधन करायचे तेव्हा ते घरीही भर दुपारी खिडक्या लावून बसत आणि कुणी ट्यूबलाइट लावली की डोळ्यांवर हात घेत. माझ्या बहिणीला पाहायला आले तेव्हाही त्यांनी आधी पडदे ओढायला लावले होते. ती चष्मा लावते हे त्यांना अक्षता पडल्यावर कळलं, असं आमची आत्या अजून सांगते.

औषधं यकृताला कशी चिकटतात हे पाहायचं त्यांचं काम. त्यांच्याकडे एक रंग होता. नुसत्या पाण्यात तो गुपचूप बसे. पण यकृताच्या पेशींवरच्या पापुद्र्यात शिरला, की जांभळट दिव्याखाली चमकू लागे. मग त्यात औषध सोडायचं. औषधानं रंगाला उठवून जागा बळकावली की चमक उतरायची, आणि ती किती उतरली यावरून औषध किती बसलं ते कळायचं. हे सगळं त्यांनी मला एका लग्नाच्या पंगतीत समजावलं. उशिरा आलेले व्याही आमच्या काकांना पाटावरून उठवू पाहत होते आणि काका जिलबी सोडून हलत नव्हते. मेव्हणे कौतुकानं मोठ्यांदा म्हणाले, "बघा, याला म्हणतात घट्ट बाइंडिंग!" काकांनी त्यांच्याशी वर्षभर अबोला धरला.

त्यांच्या आई माळकरी. मुलगा रोज कसायाकडची ताजी कलेजी बर्फात घालून सायकलवरून नेतो, हे त्यांनी पांडुरंगाची क्षमा मागून चालवून घेतलं होतं. फक्त संध्याकाळी मागच्या दारी गरम पाण्याची बादली तयार असे. "पुट्टा, बाळा, स्वल्प थांब. आधी आंघोळ, मग घर!" घरचा धंदा शिवणाचा. प्रयोगाच्या काचेच्या नळ्या पुसायला मलमल लागते असं कळल्यावर आईंनी दुकानातल्या तुकड्यांची फडकी शिवून दिली. धुवायच्याही त्याच, आणि अशी शुभ्र, की प्रयोगशाळेतले बाकीचे लोक फडक्यांना हात लावायला कचरत.

पण पुढे प्रयोगाचे ग्रह फिरले. औषध घाला, न घाला, चमक उतरेना. शेवटी मेव्हण्यांनी यकृत नाही, रंग नाही, नळीत नुसतं पाणी भरून पाहिलं. तेही चमकलं! त्यांचे मार्गदर्शक शांतपणे म्हणाले, "सत्र संपायच्या आत हे निस्तरा. नाहीतर शिष्यवृत्ती बंद, प्रबंध बंद." मेव्हण्यांची अन्नावरची वासना उडाली. एका सकाळी ते मला साक्षीदार म्हणून प्रयोगशाळेत ओढून घेऊन गेले, दार लावलं आणि तो जांभळट दिवा लावला. मला हसू आवरेना. त्यांचा शर्ट, बनियन, हातातलं फडकं, सगळं निळंशार चकाकत होतं. आई कपडे पांढरे करायची, या दिव्याखाली स्वतःच चमकणारी पूड घालून धूत होत्या आणि मेव्हणे तीच पूड इमानेइतबारे प्रत्येक नळीला फासत होते.

मेव्हणे तरातरा घरी निघाले. मी मागोमाग. आई मशीनवर नवी फडकी शिवत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "अय्यो, सुम्मने, उगाच काय उभा राहिलास, पुट्टा? या खेपेला पूड जास्तच घातली बघ. तुझ्या काचेला डाग नको. मला तुझं इंग्लिश-गिंग्लिश कळत नाही, एवढं तरी माझ्यानं होतंय ना?"

मेव्हण्यांनी शिवून झालेली फडकी पिशवीत भरली. "होतंय, अम्मा," ते म्हणाले.

त्या दिवसापासून प्रयोगशाळेत नुसत्या पाण्यानं धुतलेली, बाजारातली फडकी आली. आईंची फडकी मेव्हणे रोज संध्याकाळी कँटीनच्या चहाच्या गाळात बुचकळून, व्यवस्थित मळवून घरी आणू लागले. चमक वेळेत उतरली, प्रबंध पुरा झाला. पेढे वाटताना आई गल्लीभर सांगत होत्या, "पुसायचं सगळं काम माझं होतं, गोत्ता? ठाऊक आहे ना?" आणि मेव्हणे शेजारी उभे राहून मान डोलावत होते. ज्या माणसाला पंगतीतसुद्धा खरं बोलल्याशिवाय राहवलं नाही, त्यानं हे खोटं पुढे म्हैसूरजवळच्या बेळगोळच्या बाजूला कारखान्यात नोकरी लागल्यावरही चालू ठेवलं. मला ते तेव्हापासून फार आवडतात.

आई गेल्याला आता बरीच वर्षं झाली. परवा मेव्हण्यांकडे माझ्या हातून चहा सांडला. कपाटात पांढऱ्याशुभ्र फडक्यांची चळत दिसली, म्हणून मी एक ओढायला गेलो. मेव्हण्यांनी माझा हात धरला.

"ते नको हो," ते म्हणाले. "आता मळलं तर धुणार कोण?"