फरहादीसाहेबांचा आचारी

परशुराम लोके चौपन्न साली इराणातून मिठबावला परतला, तो एक पत्र्याची ट्रंक घेऊन. चौदा वर्षं परदेशात काढून माणूस एवढंच आणतो, हे गावाला पटेना. कुणी म्हणे सोनं पुरून ठेवलंय, कुणी म्हणे तुरुंगातून सुटून आलाय. हा तिकडे बाटला असणार, या संशयाने गुरव त्याच्या हातावर तीर्थ वरूनच टाकी. बायको सत्यवती तर बाजारात नारळ वाजवून घ्यावा तसा त्याचा प्रत्येक शब्द वाजवून बघे.

परशुराम मूळचा बोटीवरचा आचारी. चाळीस साली बुशहर बंदरात तो तापाने आडवा झाला आणि बोट त्याला तिथेच टाकून पुढे गेली. बरा झाल्यावर त्याला काम दिलं ते तिथले न्यायाधीश फरहादीसाहेब यांनी. माणूस सुक्या बोंबलासारखा किडकिडीत, पण एका बड्या जमीनदाराच्या मुलाला खुनाची शिक्षा देताना त्यांचा आवाज हलला नव्हता. पुढे ते तेहरानच्या वरच्या कोर्टात गेले, आणि एक्कावन्न साली इंग्रजांकडच्या तेलाच्या विहिरी देशाच्या ताब्यात घेणाऱ्या सरकारात मंत्री झाले. दरेक बिऱ्हाडी चूल परशुरामच्याच हातात होती.

मंत्रिपद आलं आणि घराची शांती गेली. साहेबांच्या टेबलावरचे कागद विरोधकांच्या वर्तमानपत्रात छापून येऊ लागले. घरात फितूर होता. आणि घरात परका, त्यातून इंग्रजांच्या बोटीवर राबलेला, एकच होता. साहेबांच्या बायकोने, खानमसाहेबांनी, त्याचं चहा घेऊन साहेबांच्या खोलीत जाणं बंद केलं. गावाहून आलेली पत्रं त्याला फोडलेलीच मिळू लागली. साहेबांचा भाचा जमशेद तर जेवायला बसला की म्हणे, आधी आचाऱ्याला चाखू द्या.

परशुराम भ्याला, आणि भ्यालेला माणूस दुसरा कुणीतरी शोधतो. म्हातारा माळी रहीम फाटकापाशी एका शिपायाशी कुजबुजताना त्याला दिसे. तो माळ्यावर पाळत ठेवू लागला.

एके दिवशी साहेबांनी त्याला समोर बोलावलं.

"तुझा कुणावर संशय आहे?"

"माळ्यावर, साहेब."

"त्याला कागद नेताना पाहिलंस?"

"नाही. पण वाटतं तसं."

"तुझ्याबद्दलही या घरात सगळ्यांना तसंच वाटतं," साहेब म्हणाले. "नुसत्या वाटण्यावर मी आजवर कुणाला शिक्षा केलेली नाही. जा, स्वयंपाक बघ."

पुढे कितीतरी दिवस परशुरामला रहीमच्या तोंडाकडे बघवेना.

त्रेपन्नच्या उन्हाळ्यात सरकार उलथलं. साहेबांना धरून नेलं, आणि लष्करी कोर्टाने साक्षीपुरावा न बघता त्यांना तीन वर्षं सुनावली. घराला टाळं लागलं. परशुरामने मायदेशाची बोट धरली.

गावात तो लोकांच्या कलमांच्या बागा राखू लागला. सात वर्षं गेली. मग एकसष्ट साली पोस्टमन तेहरानचा शिक्का असलेला लिफाफा देऊन गेला. परशुरामला फारसी बोलता येई, वाचता येत नसे. सत्यवतीने लिफाफा हातात घेतला आणि नाकाशी नेला.

"हेका अत्तराचो वास येता," ती म्हणाली. "खरा सांगा, थंय तुमचा दुसरा बिऱ्हाड होता काय?"

इतकी वर्षं तिच्या पोटात काय होतं ते त्याला आत्ता कळलं. त्याने शपथा घेतल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी तिला बरोबर घेऊन त्याने विजयदुर्ग गाठलं. तिथले पेन्शनर मुजावर मास्तर फारसी जाणत.

पत्र खानमसाहेबांचं होतं. तुरुंगातून सुटल्यावर साहेब कुणाकडे गेले नाहीत, कुणी त्यांच्याकडे आलं नाही. या हिवाळ्यात ते वारले. कागद जमशेदच नेत होता, आणि आता तो मोठ्या हुद्द्यावर होता. शेवटी लिहिलं होतं, तुझी पत्रं मी फोडत होते, मला माफ कर.

परशुराम मास्तरांच्या ओटीवर तोंडाला पंचा लावून रडला. सत्यवतीने त्याला असं कधी पाहिलं नव्हतं. तिनेच आत जाऊन पाणी मागून आणलं.

परतताना खाडी ओलांडणाऱ्या तरीत ती त्याच्याजवळ सरकून बसली. पाण्याच्या मध्यावर आल्यावर तिने हळूच विचारलं, "मास्तरान सगळा वाचल्यान मां?"

"वाचल्यान," तो म्हणाला.

तिने मान हलवली, त्याच्या हातातलं पत्र घेतलं, आणि नीट घडी करून आपल्या कनवटीला खोचलं.