चमच्यामागची दोन अक्षरं

२०१९ साल. मी एकाहत्तर वर्षांचा होतो. मुलुंडला माझं चांदीकामाचं दुकान. शाळा तिसरीपर्यंत, पण चांदीतलं मला कोणी शिकवावं असा माणूस मी बघितला नव्हता.

नाहूरच्या एक वहिनी काळाठिक्कर पडलेला चमचा घेऊन आल्या. दांडा तडकलेला. त्यांचे वारलेले यजमान विक्रोळीच्या कारखान्यात होते, तिथल्या गोऱ्या साहेबाने मायदेशी जाताना दिलेला. "जोड द्या नि लख्ख करा," एवढंच म्हणाल्या.

जोड दिला, रिठ्याच्या पाण्यात उकळला. काळं गेलं तसे दांड्यामागे बारीक ठसे दिसले. एक सिंहासारखा, शेजारी दोन वळणदार इंग्रजी अक्षरं. मला ती वाचता आली नाहीत. आमच्यात ज्याच्या हातून काम जातं त्याचा शिक्का बसतो. माझ्या कामावर दुसऱ्याचा कशाला, म्हणून सगळं कानशीने घासलं, पॉलिश मारलं आणि माझा शिक्का ठोकला.

संध्याकाळी वहिनींनी चमचा उलटा करून भिंग मागितलं.

"भाऊ, मागे दोन अक्षरं निघाली असतील ना? हे सांगायचे, लंडनच्या एका विधवेचं काम आहे. नवरा गेला तशी तिने त्याची हत्यारं उचलली, मुलांना हाताशी धरून कारखाना चालवला. लिहिता येत नव्हतं म्हणे, पण ठसा स्वतःच्या नावाचा. आमची मुलगी हसायची, बाबांच्या बाता म्हणून. म्हटलं, काळं जाऊ दे, मग दाखवते तुला."

मी म्हणालो, "काही नव्हतं वहिनी. कोराच होता. हा शिक्का माझा."

"नीट बघितलंत ना?"

"पन्नास वर्षं तेच करतोय."

"मग बाताच म्हणायच्या," असं म्हणून त्या हसल्या नि चमचा पिशवीत टाकला. "मीपण वेडी, ऐकत बसले जन्मभर."

खोटी चांदी मी कधी विकली नाही. त्या दिवशी मेलेल्या माणसाला खोटं पाडलं, कशासाठी, तर मला दोन अक्षरं वाचता येत नाहीत हे झाकायला. लिहिता न येणाऱ्या त्या बाईचं नाव माझ्याच हाताने गेलं होतं. घरी बायकोने वाढलं, तर तिच्या तोंडाकडे बघवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं नाही. कानस खिशात घालून नाहूरला गेलो. दार मुलीने उघडलं. चपला काढायच्या आधीच तिला सांगितलं, "अक्षरं होती. मी घासली. तुझे बाबा खरं बोलत होते."

मग वहिनींकडे चमचा मागितला. म्हटलं, निदान माझा शिक्का तरी काढून टाकतो.

त्यांनी दिला नाही. "राहू दे तो," म्हणाल्या. "कोणी घासलं ते तरी कळेल."